खरवडलेलं मेयोनीज

मेयोनीज आवडणारा माणूस कधी कारणं सांगत बसत नाही. खातो, बोट चाटतो, मोकळा होतो. कारणं असतात ती न आवडणाऱ्यांकडे, आणि तीही ढीगभर. मोठ्या हॉस्पिटलाच्या फाटकासमोर सँडविचचं दुकान चालवणाऱ्या मावशींनी उभ्या जन्मात ती सगळी ऐकली होती. कुणाला अंड्याचा वास येतो. कुणाला ते थरथरतं म्हणून नको. कुणाच्या शाळेच्या डब्यात ते कधीकाळी उन्हानं आंबलं होतं, तेव्हापासून नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. एका वकीलसाहेबांना तर ते आवडायचं नाही ते केवळ त्यांच्या सासूबाईंना आवडायचं म्हणून. आणि एक धिप्पाड ट्रकवाला होता, ज्याच्या मिशा बघून पोरं रडायची, तो काउंटरवर वाकून हळूच म्हणायचा, "मावशी, ते पांढरं नको हं. मला त्याची भीती वाटते."

"भीती? चावतं का ते तुला?"

"चावत नाही हो. पण बघत राहतं."

मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या आणि त्याचं सँडविच कोरडं द्यायच्या. पण तो गेला की शेजारच्या गिऱ्हाइकाला आपलं शास्त्र ऐकवायच्या. टोमॅटो दिसतो, काकडी दिसते, चीज दिसतं. मेयोनीजमध्ये काय घातलंय ते मात्र दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते गिळायला विश्वास लागतो. "ज्याला मेयोनीज चालत नाही ना," मावशी म्हणायच्या, "त्याला माणसावर विश्वास टाकता येत नाही. लिहून ठेवा माझं."

असली शास्त्रं दुकानात चार माणसांना हसवायला ठीक असतात. त्यावर पोटच्या पोरीच्या आयुष्याचा निकाल लावायचा नसतो. मावशींनी लावला. पुढे जन्मभर पुरेल एवढा पस्तावा त्यातूनच आला.

मेयोनीज हातानं करायचं म्हणजे दोन माणसांचं काम. यंत्रं आली, तयार बरण्या आल्या, पण मावशींचा हेका कायम. वाडग्यात अंड्याचा बलक, मोहरीची पूड, मीठ, व्हिनेगर घ्यायचं. एकानं तारांची फेटणी फिरवत राहायची आणि दुसऱ्यानं तेल सोडायचं, थेंब थेंब. तेलाची घाई केली की फाटलंच. हात थांबला की फाटलंच. मावशींचा नवरा मुलगी शाळेत असतानाच गेला, आणि तेव्हापासून तेल सोडणारा हात मुलीचा. तिला सगळे मिरी म्हणायचे. जन्मतः एवढीशी आणि तिखट, म्हणून बापानं लाडानं ठेवलेलं नाव. रोज सकाळी शटर वर करण्याआधी मायलेकी दुकानाच्या मागच्या खोलीत बसायच्या. मेयोनीज फेटणीवर उभं राहिलं की मावशी चमचाभर काढायच्या, अर्धं स्वतः चाखायच्या आणि उरलेला चमचा मिरीपुढे धरायच्या. "मीठ बघ."

मिरी डोळे मिटून निकाल द्यायची. "हवंय जरासं." किंवा, "आज बरोब्बर." तोंडं फुगलेली असोत, आदल्या दिवशी भांड्याला भांडं लागलेलं असो, मिरीनं मीठ बघितल्याशिवाय बरणी भरायची नाही हा घरचा नियम. कित्येक अबोले त्या चमच्यावरच सुटले होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मिरीला तो भेटला.

हॉस्पिटलात नोकरीला होता. उंच, खांद्यात जरा वाकलेला, बोलायला महाकंजूष. हात इतके धुतलेले की बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. दुपारी चहा आणि कोरडं काकडीचं सँडविच घ्यायचा आणि मिरी काउंटरवर असेल तर दुसरा चहाही. "वॉर्डात असतो," एवढंच त्यानं सांगितलं. मावशींनी अंदाज बांधला, पट्ट्याबिट्ट्या बांधत असेल. कोणत्या वॉर्डात, कसल्या पट्ट्या, हे काही त्यांनी विचारलं नाही.

पण मिरी त्याचं नाव निघालं की लाल व्हायची, आणि मावशींना काय ते कळलं. त्यांनी स्वतःहून त्याला रविवारी जेवायला बोलावलं. आदल्या दिवसापासून कंबर कसली. बटाट्याचं सॅलड, उकडलेल्या अंड्यांच्या अर्ध्या फोडींवर मेयोनीजचे डौलदार गोळे, कोंबडीची सँडविचेस, त्यातही सढळ हातानं मेयोनीज. घरात सोनं असताना पाहुण्यापुढे पितळ कशाला मांडायचं?

तो आला, हात धुऊन बसला, आणि सुरीच्या पाठीनं त्यानं अंड्यावरचा गोळा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. मग सॅलडची एकेक फोड पुसली. मग सँडविच उघडलं आणि तेही खरवडलं. एवढं सफाईनं खरवडलं की पावावर ओरखडासुद्धा नाही. शेवटी कडेच्या त्या पांढऱ्या ढिगावर त्यानं पालेभाजीचं एक पान झाकलं आणि मग जेवायला लागला.

मावशींचा घास हातातच राहिला. "आवडत नाही का रे?"

"बाकी सगळं छान झालंय, मावशी."

"ते झालं. पण हे का नको?"

त्यानं मिरीकडे बघितलं. मिरीनं त्याच्याकडे बघितलं. "असंच," तो म्हणाला.

"आई, नाही आवडत त्याला," मिरी घाईघाईनं म्हणाली. "कारण नको ना विचारूस."

खरं सांगायचं तर मावशींना टोचलं ते खरवडणं नाही, ती नजर. या घरात आजवर दोघींना माहीत नाही असं काही नव्हतं, आणि आता एका परक्या पोरानं लेकीच्या पोटात गुपित ठेवलं होतं. पाहुणा गेल्यावर त्यांनी त्याचं बारसं केलं. "काय गं तुझा तो खरवड्या!" मिरीला हसू आलं नाही. मावशी मात्र त्याला पुढे त्याच नावानं ओळखू लागल्या.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मावशींनी एक खोडी काढली. खोडी कसली, लबाडीच ती. सँडविचमध्ये चीजच्या जाड कापाखाली मेयोनीजचा पातळ थर लावला आणि तोंडानं म्हणाल्या, "तुझं वेगळं केलंय हो, कोरडं." म्हटलं बघूया, कळतं का. न कळता खाल्लं तर नंतर हसून सांगता येईल की बाबा रे, खाल्लंस की!

त्यानं एक घास घेतला आणि थांबला. चेहरा पिठासारखा झाला. "माफ करा," म्हणून उठला आणि न्हाणीघरात गेला. नळ मोठा सोडला होता, तरी त्याचं ओकणं बाहेर ऐकू आलं.

"तू मुद्दाम घातलंस?" मिरी उभी राहिली होती. "आई, तू त्याला फसवलंस?"

"विष नव्हतं घातलं मी! तुझ्या लहानपणापासून जे खाऊन तू एवढी झालीस तेच घातलं. त्यावर ओकतो? माझ्या हातच्यावर?"

"तुला माहीत नाही काही."

"मग सांग की!"

"नाही सांगणार. त्यानं शपथ घातलीय." मिरीचे डोळे भरले. "तुझ्याचसाठी घातलीय."

माझ्याचसाठी म्हणे! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मीठ बघताना मिरी फक्त "ठीक आहे" म्हणाली. त्या चमच्यावर अबोला सुटला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मिरी हसत घरी आली. त्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळत होती. लग्न करून दोघं तिकडे जायचं म्हणत होते. "आणि तू पण ये काही दिवसांनी, आई. तिथे टाकू दुकान." मावशी "बघू" म्हणाल्या आणि कांदा चिरायला बसल्या, म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारणार नाही. खरं कारण हे होतं बघा. मेयोनीज आपलं निमित्त. उद्या सकाळी फेटायला बसलं की समोर तेल सोडणारा हात नसेल, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. हे त्यांनी तेव्हा कुणापाशी कबूल केलं नाही, स्वतःपाशीही नाही. विश्वासाच्या गोष्टी करणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीवर एवढा विश्वास टाकता आला नाही की ही गेली तरी आपली राहील.

एका दुपारी मिरी तेलाचे डबे आणायला बाजारात गेली होती. तो चहाला आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मावशींनी चहा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय. मिरीला सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून मी सांगते. तिचं मन नाही रे आता. तिकडे यायचं नाही तिला. तुझ्यापुढे बोलता येत नाही बिचारीला."

तो कपाकडे बघत राहिला. "तिनं स्वतः सांगितलं असं?"

आता तरी जीभ आवरायची! पण तोंडातून निघून गेलं, "हो. स्वतः. म्हणाली, त्याला म्हणावं फोनसुद्धा करू नकोस, मला जड जाईल."

"बरं," तो म्हणाला. समोरच्या कागदी रुमालाची चौकोनी घडी घातली, ती कपाखाली ठेवली आणि उठला. चहा तसाच होता. ओरडला असता, वाद घातला असता, तर मावशी कदाचित तिथेच ढासळल्या असत्या. पण तो नुसता "येतो, मावशी" म्हणाला आणि गेला.

मिरीनं वाट बघितली. मग फोन केला. त्यानं उचलला नाही. पुन्हा केला, तोही नाही. मग कळलं, तो नव्या गावी निघूनही गेला. मिरी सकाळी तेल सोडताना एकदम थांबायची आणि विचारायची, "आई, तुला काही बोलला होता का गं?" मावशी फेटत राहायच्या. "मला काय बोलणार? जाणारा जातो. त्याच्यामागे धावू नये बाईनं, आपली पत आपण राखावी." मिरी मान हलवायची. पुढे पुढे विचारायची थांबली.

आणि मग आला गोडबोल्या. हेही नाव मावशींनीच दिलं, पण फार पुढे. तेव्हा तो त्यांना देवमाणूस वाटला होता. कसलीशी औषधं विकायला हॉस्पिटलात यायचा. पहिल्याच दिवशी सँडविच खाल्लं, पावाच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली आणि डोळे मिटून म्हणाला, "मावशी, हे मेयोनीज आहे की काय आहे! जिभेवर पाय पसरून बसलंय, उठायलाच तयार नाही." मावशी विरघळल्या. याच गावात राहणारा, हातचं चाटूनपुसून खाणारा, गोड बोलणारा. त्यांनी मिरीच्या कानाशी भुणभुण लावली, आणि मिरी एक दिवस "बरं" म्हणाली. अगदी त्या खरवड्यासारखंच, नुसतं "बरं". मावशींना तेव्हा तो शब्द कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला होता.

गोडबोल्याला सगळंच आवडायचं, हीच त्याची अडचण निघाली. मेयोनीज आवडायचं, शेजारीण आवडायची, शेजारणीची बहीणही आवडायची. मिरीनं काही वर्षं काढली आणि एक दिवस एक बॅग घेऊन दुकानाच्या मागच्या दारानं परत आली. मावशी रडल्या, मिरी रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची बाटली घेऊन समोर बसली. "मीठ बघ," मावशी म्हणाल्या. "ठीक आहे," मिरी म्हणाली. तेव्हापासून रोज ठीकच होतं. मिरीतला तिखटपणा कुठे गेला कुणास ठाऊक.

मावशींना लेक परत मिळाली होती. जे हवं होतं तेच मिळालं होतं, आणि ते रोज समोर बसून मुकाट्यानं तेल सोडत होतं.

एका सकाळी बटाटे उकडायला ठेवलेलं मोठं पातेलं उतरवताना मावशींच्या हातातून निसटलं. उकळतं पाणी उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. मिरीनं हात नळाखाली धरला आणि तशीच त्यांना रस्ता ओलांडून समोर घेऊन गेली. त्यांना जळितांच्या वॉर्डाकडे पाठवलं. ड्रेसिंगच्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नव्हते, म्हणून नर्सनं मिरीला दुकान बंद करून यायला सांगितलं, उघडंच टाकून आली होती ती.

आत तीन-चार खाटा होत्या. मावशींना एका खुर्चीत बसवलं. समोरच्या खाटेवर एक माणूस पालथा पडला होता, पाठ उघडी. मावशींनी पटकन नजर वळवली. त्याच्या शेजारी पाठमोरा, उंच, खांद्यात वाकलेला एक जण उभा होता. एका हातात पांढरा मोठा डबा, दुसऱ्या हातात लाकडी चपटी पट्टी. पट्टी डब्यात गेली आणि बाहेर आली ती दाट, चमकणाऱ्या पांढऱ्या मलमाचा गोळा घेऊन. गोळा पट्टीवर उभा राहिला. टोक किंचित वाकलं, अगदी चांगलं जमलेल्याचं वाकतं तसं. मग त्यानं ते त्या पाठीवर पसरलं. कडेपासून कडेपर्यंत, जाड, एकसारखं, एक कोपरा न सोडता, जसं मावशी पावावर पसरायच्या. मग पाठीच्या दुसऱ्या बाजूकडे वळला. तिथलं कालचं जुनं मलम त्यानं पट्टीच्या पाठीनं काढायला घेतलं, खाली कातडीला धक्का लागणार नाही असं हलकं, सफाईनं. खरवडलं, कडेच्या ताटलीत सारलं, आणि त्यावर जाळीच्या कापडाचा तुकडा झाकला, म्हणजे खाटेवरच्याला ते दिसू नये.

मावशींच्या हाताची आग क्षणभर कुठल्या कुठे गेली.

तो वळला. कानांपाशी पिकला होता. "मावशी?" तो म्हणाला. मग हाताकडे बघितलं आणि स्टूल ओढून समोर बसला. "किती भाजलंय! घाबरू नका. गार वाटेल आधी."

त्यानं नवा डबा उघडला. मावशींनी डोळे मिटले, पण मिटून काय होणार? पट्टीचा स्पर्श कळत होता. "याच्यासाठी?" त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "याच्यासाठी खात नव्हतास तू?"

कशाबद्दल बोलतायत ते त्याला लगेच कळलं होतं. "पहिल्या वर्षी दहीसुद्धा खाता यायचं नाही. मग दही जमलं. ते काही जमलं नाही बघा."

"मग सांगायचं ना रे मला! तोंड शिवलं होतं का?"

"जेवणाच्या टेबलावर?" तो हलकं हसला. "आणि तुमचे तर हात दिवसभर त्यातच. एकदा सांगितलं असतं तर तुम्हाला पण तेच दिसायला लागलं असतं. मिरीला पण मी सांगणार नव्हतो, तिनं खोदून खोदून काढून घेतलं. तिला म्हटलं, आईला सांगू नकोस, दुकान बसेल तुमचं."

तुझ्याचसाठी घातलीय, असं मिरी म्हणाली होती. मावशींना रडू फुटलं. त्याला वाटलं हात दुखतोय, त्यानं आणखी हलक्या हातानं पट्टी फिरवली.

"परत कधी आलास इकडे?"

"वर्ष होईल. मागच्या फाटकानं येतो-जातो, म्हणून दिसलो नसेन." जाळीचं कापड गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मावशी, एक बोलायचं राहिलं होतं. तेव्हा तुम्ही मला स्पष्ट सांगितलंत ते बरंच केलंत. तिचा नंतर फोन आला होता, मी उचलला नाही. वाटलं, दया येऊन करत असेल. उचलला असता तर मी तिला सोडलं नसतं, आणि तिला नको असताना मागे लागणं बरं नव्हे."

खोटं बोलले होते रे मी, हे एवढं वाक्य. जिभेवर आलं आणि तिथेच थबकलं. "लग्न झालं तुझं?" त्यांनी विचारलं.

"झालं ना. एक मुलगी आहे." त्याचा चेहरा उजळला. "आणि गंमत बघा, तिला मेयोनीज म्हणजे जीव की प्राण. बरणीत बोटं घालते. मीच आणून देतो, आणि बाजूला तोंड करून बसतो." गाठ मारून त्यानं हात अलगद मांडीवर ठेवला. "मिरी बरी आहे ना? सुखात आहे ना?"

"आहे," मावशी म्हणाल्या. त्याच्याशी पुन्हा खोटं बोलल्या, आणि या खेपेला तरी त्याच्या घराची आठवण ठेवून बोलल्या.

मिरी धापा टाकत परत आली तेव्हा मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "कोण होतं आत? नीट केलं ना?" तिनं बांधलेल्या हातावरून बोट फिरवलं. "छान बांधलंय गं. जाणकार हात दिसतोय."

तो हात कुणाचा, हे मावशींनी पुढचे कितीतरी दिवस सांगितलं नाही. ड्रेसिंगला एकट्याच जायच्या, "तू दुकान बघ" म्हणून. तो हाताचं विचारायचा, त्या हाताचं सांगायच्या. आणि सकाळी मागच्या खोलीत आता कामाची अदलाबदल झाली होती. उजवा हात बांधलेला, म्हणून फेटायला मिरी आणि तेल सोडायला मावशी, डाव्या हातानं. वाडग्यातलं ते पांढरं दाट होत चाललं की त्यांना मळमळायचं. नजर वर उचलावी तर समोर लेकीचा चेहरा. कुठे बघायचं माणसानं?

सांगून काय होणार, असं त्या स्वतःला समजावायच्या. त्याचं घर बसलंय, मुलगी आहे. गेलेलं पाणी परत येत नाही. मिरीला नुसता ताप. न सांगितलं तर मात्र निदान सकाळी कुणीतरी समोर बसतंय. मग त्यांच्या लक्षात यायचं, आपण पुन्हा तेच करतोय. तेव्हाही असंच केलं होतं, लेक समोर बसावी म्हणून.

शेवटी एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातली बाटली जास्तच कलली आणि तेलाची धार लागली.

"हळू, आई. फाटेल."

"मिरी, तो गेला नव्हता," मावशी म्हणाल्या. "मी घालवला. तू बाजारात होतीस तेव्हा त्याला सांगितलं, मिरीचं मन नाही म्हणून. तिनंच सांगायला सांगितलंय म्हणाले. फोन करू नकोस म्हणाले. सगळं मीच." मग त्यांना थांबता येईना. वॉर्ड सांगितला, डबा सांगितला, पट्टी सांगितली, मागचं फाटक सांगितलं, त्याची मुलगीही सांगितली. "तू मला सोडून जाशील म्हणून केलं गं. मेयोनीजचं नुसतं नाव."

मिरीची फेटणी थांबली नाही. एवढ्या वर्षांची सवय, मनगट आपोआप फिरत होतं. ती वाडग्यात बघत होती.

"शिव्या दे मला," मावशी म्हणाल्या. "काहीतरी बोल."

"मला वाटायचं, मीच काहीतरी बोलले असेन त्याला," मिरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट फार हळू होता. "आमची शेवटची भेट मी रोज आठवायचे. काय बोलले, कशी हसले, कुठला शब्द लागला असेल. इथे बसून, तेल सोडताना. इतकी वर्षं मी तोच शब्द शोधत होते, आई. तू समोर बसलेली होतीस."

मावशींनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. त्याची मुलगी आहे." मिरीनं आणखी दोन-चार वळसे दिले आणि फेटणी उचलून बघितली. मेयोनीज उभं राहिलं होतं, चमकत होतं. फाटलं असतं तर बरं, मावशींना वाटलं, काहीतरी ओतून देता आलं असतं. मिरीनं वाडगं त्यांच्याकडे सरकवलं आणि हात पुसायला फडकं घेतलं. बाहेर शटरपाशी गिऱ्हाईक आल्याचा आवाज झाला.

मावशींनी डाव्या हातानं चमचा भरला. पहिल्यांदाच स्वतः न चाखता तो आधी लेकीपुढे धरला. "मिरी, मीठ बघ."

मिरीनं चमच्याकडे बघितलं, मग आईकडे. "तूच बघ," ती म्हणाली आणि शटर उघडायला बाहेर गेली.

मावशींनी चमचा तोंडात घातला. गार, दाट काहीतरी जिभेवर पसरलं. त्या कितीतरी वेळ ते तोंडात धरून बसल्या, पण मीठ कमी आहे, जास्त आहे की घातलंच नाही, त्यांना काही कळेना. बाहेर मिरी कुणालातरी विचारत होती, मेयोनीज चालेल ना म्हणून. मग मावशींनी तशीच, मीठ न बघता, बरणी भरायला घेतली.